तुमचं नेहमीचं तापमान किती? (९८.६ हे उत्तर चालणार नाही)

रानजाई
विषय किरकोळ वाटेल, पण आमच्या घरात दर पावसाळ्यात यावरून वादावादी ठरलेली, म्हणून विचारतेय.

मी धडधाकट असताना माझं तापमान ९७ च्या आसपास असतं. सकाळी ९६.८ सुद्धा दिसतं. काखेत नाही, जिभेखाली. त्यामुळे ९९ झालं की माझं काम संपलं. डोळे चुरचुरतात, पोटऱ्या ठणकतात, पंखा नकोसा होतो. नवऱ्याचं रोजचंच ९८.८. तो थर्मामीटर बघून म्हणतो, "हा ताप आहे? मी एवढ्यात ट्रेक करतो." सासूबाई पालथा हात कपाळाला लावून "जरा कोमट आहे" असा निकाल देतात आणि कुकर लावायला जातात. ऑफिसात तर १०० च्या खाली रजा मागायची सोयच नाही.

तर प्रत्येकाचं नॉर्मल वेगळं असतं का? असेल तर ताप कुठून सुरू झाला म्हणायचा? तुमचे आकडे सांगा, आणि शक्य असेल तर कधी आणि कुठे मोजलेत तेही.

आगाऊ_कार्टा
सोमवारी सकाळी १०१, शुक्रवारी संध्याकाळी ९७. कंपनीच्या डॉक्टरांना अजून निदान सापडलेलं नाही.

कृष्णाकाठ
रानजाई, मीही ९७ वाल्या गटात.

आमच्याकडे आजीचा पाऱ्याचा थर्मामीटर होता, निकेलच्या नळीत, तळाशी कापसाचा बोळा. मनगटाला हिसका देऊन पारा खाली उतरवायचा. वाचताना काच बोटांत फिरवत उजेडाकडे धरायची, मग एका ठराविक कोनात ती चंदेरी रेघ दिसायची. बोट जरा हललं की गायब. ९८.४ ला लाल बाण होता. रेघ बाणाच्या अलीकडे असली की शाळा, पलीकडे गेली की गुरगुट्या भात आणि मेतकूट. माझी रेघ बाणापर्यंत पोचायचीच नाही. आजी म्हणायची, "हाडी ताप आहे पोरीला, वर दिसत नाही." आई म्हणायची, नाटकं आहेत. शेवटी मी मोजायच्या आधी गरम पेज पिऊन बघितली. चालतं.

जाता जाता, आजीच्या थर्मामीटरवर ९८.४ आणि सगळे म्हणतात ९८.६, हा काय प्रकार?

खवचट_काका
९८.४ ही ब्रिटिशांची सवय, ९८.६ अमेरिकेची. आपल्या जुन्या थर्मामीटरांवर साहेबाचा बाण राहून गेला, एवढंच.

मुद्द्याचं बोलू. "माझं नॉर्मल वेगळं" म्हणणाऱ्या मंडळींनी आधी मोजायची शिस्त सांगावी. एकाने पहाटे उठल्या उठल्या मोजलं, दुसऱ्याने संध्याकाळी लोकलमधून चेंगरून घरी आल्यावर. एकाचं काखेत, दुसऱ्याचं तोंडात. एकाच्या थर्मामीटरचा सेल मरायला टेकलेला. आणि मग निष्कर्ष काय, तर आमची प्रकृतीच निराळी! पहाटे आणि संध्याकाळी एकाच माणसाच्या तापमानात अर्धा अंश सेल्सियस, म्हणजे जवळजवळ एक फॅरेनहाइट फरक पडतो. काखेतलं तोंडापेक्षा आणखी तेवढंच कमी. नवरा-बायकोतला निम्मा फरक इथेच मिटला.

रानजाई
काका, थर्मामीटर एकच. धुऊन. दोघांचंही रात्री जेवणाआधी मोजलं होतं. उरलेला निम्मा तुम्ही मिटवा.

मी_वाचते_फक्त
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

गेटवरची_बंदूक
कोविडच्या काळात आमच्या सोसायटीच्या गेटवर ती इन्फ्रारेड बंदूक होती. मे महिन्याच्या उन्हातून आलेला डिलिव्हरीवाला १०१, एसी गाडीतून उतरलेले सेक्रेटरी ९२. वॉचमन दोन्ही आकडे तितक्याच गंभीरपणे वहीत लिहायचा. त्या वहीप्रमाणे आमच्या ए विंगमधले निम्मे रहिवासी केव्हाच वारले आहेत.

लाइपझिगकर
मी राहतो त्या गावात या आकड्याचा जन्म झाला, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

कार्ल वुंडरलिश १८५० मध्ये लाइपझिगला प्राध्यापक म्हणून आले. त्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या लोकांनी सुमारे २५ हजार रुग्णांची तापमानं नोंदवली, नोंदी दहा लाखांच्या वर. १८६८ साली यावर त्यांचं पुस्तक आलं आणि ३७ अंश सेल्सियस ही निरोगी माणसाची सरासरी म्हणून जगभर गेली. ३७ चं फॅरेनहाइट केलं की ९८.६ होतं. म्हणजे तो दशांशानंतरचा ६ गुणाकारातून आला आहे, त्यात फार बारकाईने मोजल्याची खूण शोधू नका.

त्यांचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब. काखेत पंधरा-वीस मिनिटं धरायचा आणि काखेत असतानाच वाचायचा, कारण बाहेर काढला की पारा उतरायचा. पुढे इंग्लंडात टॉमस ऑलबट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर आणला तेव्हा कुठे तो डॉक्टरांच्या खिशात मावला.

वुंडरलिशवर मात्र अन्याय झालाय असं माझं मत. बाईंचं तापमान पुरुषांपेक्षा किंचित जास्त असतं, म्हाताऱ्यांचं कमी असतं, पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतं, हे सगळं त्यांनीच लिहून ठेवलंय. साधारण ३६.२५ ते ३७.५ एवढा पट्टा त्यांनी निरोगी मानला होता. जगाने पट्टा सोडला आणि मधला एक आकडा उचलला.

नंतर १९९२ साली अमेरिकेत मेरीलँडला फिलिप मॅकोवियाक आणि सहकाऱ्यांनी १४८ निरोगी तरुण माणसांची दिवसातून अनेकदा तोंडातली तापमानं घेतली. सरासरी आली ३६.८, म्हणजे ९८.२. एकूण ७०० नोंदींत ९८.६ हा आकडा ना सरासरी होता, ना सगळ्यात जास्त वेळा आलेला. याच मॅकोवियाक यांनी फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात ठेवलेला वुंडरलिशचा एक थर्मामीटर तपासला. तो आजच्या थर्मामीटरपेक्षा अंशभराहून जास्त दाखवत होता.

अवांतर: खुद्द फॅरेनहाइट साहेबांनी आपल्या मोजपट्टीवर माणसाच्या अंगाची उष्णता ९६ धरली होती. रानजाई, तुम्ही त्यांच्या जवळच्या.

आगाऊ_कार्टा
फूटभर काच, वीस मिनिटं काखेत. एवढ्यात ताप स्वतःच कंटाळून निघून जात असेल.

स्टेथो
दवाखाना आटोपून आलोय, सगळं एकदम लिहितो.

रानजाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो" आहे. २०१७ साली बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या ३५ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. संसर्ग असलेले, तापावरची औषधं घेणारे वगळून. सरासरी ३६.६. वय वाढेल तसं तापमान थोडं थोडं उतरत गेलेलं. थायरॉइड कमी असलेल्यांचं किंचित कमी. आणि हे सगळं हिशेबात धरूनही माणसामाणसांत फरक उरलाच. नंतर २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी सहा लाखांवर नोंदी चाळल्या. सरासरी ३६.६४, म्हणजे ९८ ला टेकलेलं. वय, लिंग, उंची, वजन सगळ्याचा थोडाथोडा परिणाम दिसला, पण सगळ्यात जास्त परिणाम वेळेचा. त्यामुळे काका म्हणतात तेही बरोबर.

आता ताप म्हणजे काय ते बघा. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो गीझरच्या थर्मोस्टॅटसारखा काम करतो. जंतूंशी लढताना शरीरात जी रसायनं तयार होतात ती या थर्मोस्टॅटचा काटा वर सरकवतात. समजा काटा १०२ वर गेला आणि अंग अजून ९८ वर आहे. मग शरीराला वाटतं आपण गारठलोय. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. या टप्प्यात वरून हात लावून ताप कळत नाही, आत मात्र चढत असतो. कृष्णाकाठ यांच्या आजी ज्याला हाडी ताप म्हणत, त्यातले काही ताप तरी असे असणार. काटा खाली आला की उलट: घाम फुटतो, पांघरूण फेकलं जातं. पॅरासिटामॉल तो काटा खाली आणतं. म्हणूनच ताप नसताना घेतलं तर ते तुमचं ९८ चं ९६ करत नाही.

सासूबाईंच्या हाताबद्दल: आईने हात लावून "ताप नाही" म्हटलं तर ते बहुतेक वेळा खरं निघतं. "ताप आहे" म्हटलं तर मात्र मोजून बघावं लागतं.

आणि कृष्णाकाठ, पेज असो की बर्फाचा गोळा, तोंडात मोजायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही.

कृष्णाकाठ
डॉक्टर, आता सांगून काय उपयोग, दहावी कधीच झाली.

खवचट_काका
डॉक्टर, तुमचा मान राखून विचारतो. उद्या प्रत्येकाने "माझं नॉर्मल ९६.५, त्यामुळे ९८ हा मला ताप" म्हटलं तर? शाळा, ऑफिस, रेल्वे, विमानतळ, सगळीकडे एक ठरलेली रेघ लागते. ३८ सेल्सियस किंवा १००.४ ही रेघ उगीच नाही आली. व्यक्तिगत नॉर्मलचं कौतुक म्हणजे आणखी एक मोजायचं वेड. आधी पावलं, मग झोप, आता हे.

स्टेथो
काका, रेघ हवीच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ आला तर त्याचं नॉर्मल किती होतं हे विचारत बसायचं नाही, लगेच डॉक्टरकडे न्यायचं. तिथे वाद नाही.

पण मोठ्यांमध्ये, विशेषतः सत्तरीच्या पुढे, नुसत्या रेघेवर विसंबलं तर घात होतो. वृद्धाश्रमात राहणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांत त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ फॅरेनहाइटची वाढ हा तापाचा एक निकष म्हणून सरळ दिलेला आहे. त्यासाठी नेहमीचं तापमान माहीत असावं लागतं.

चिमणराव_नाही_चिमणी
स्टेथो, हे वाचून अंगावर काटा आला. बाबांचं असंच झालं होतं. वय ७८, नेहमीचं ९६.८ च्या वर कधी गेलं नाही. एका रविवारी सकाळपासून गप्प गप्प. पेपर उघडला पण उलटा धरलेला. चहा अर्धा ठेवला. मला दोनदा आत्याच्या नावाने हाक मारली. आम्ही ताप बघितला, ९८.९. मग सगळ्यांनी ठरवलं की ताप नाही, वयोमानाने होतंय. संध्याकाळी शेजारच्या काकूंना त्यांचा श्वास भरभर वाटला म्हणून दाखवायला नेलं. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला न्यूमोनिया. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "एरवी किती असतं यांचं?" घरात कुणालाच सांगता येईना. ९६.८ हे नंतर जुन्या तपासण्यांच्या कागदांवरून कळलं.

बाबा बरे झाले, अजून शब्दकोडी सोडवतात. आता फ्रिजवर एक कागद आहे, त्यावर दोघांचं बीपी, साखर आणि तापमान.

खवचट_काका
चिमणीताई, हा मुद्दा मान्य. वृद्धांसाठी कागद हवा. ऑफिसच्या रजेसाठी नको.

ओसाकाची_सून
काका, इथे जपानमध्ये तो कागद सगळ्यांचाच असतो! मुलीला पाळणाघरात घालताना फॉर्ममध्ये एक रकाना होता: मुलीचं नेहमीचं तापमान. मी ठोकून ९८.६ लिहायला निघाले तर बाई म्हणाल्या, सेल्सियसमध्ये आणि मोजून आणा. आता रोज सकाळी घरी काखेत मोजायचं आणि वहीत लिहायचं. दुपारी ३७.५ झालं की फोन येतो, या आणि घेऊन जा. सरकारी नियमातही ३७.५ म्हणजे ताप आणि ३८ म्हणजे जास्त ताप असं आहे. मुलीचं झोपून उठल्यावरचं तापमान नेहमीच ३७ च्या वर. पहिल्या महिन्यात माझे इतके फोन झाले की बाईंनीच सुचवलं, तिचं अर्धा तासाने परत मोजून मग कळवू.

क्लिनिकमध्येही डॉक्टर आधी नेहमीचं किती ते विचारतात. माझं ३६.१ आहे म्हटल्यावर ३७.२ ला पण मान डोलावतात, रानजाई. इकडे या.

रानजाई
व्हिसा बघते.

आबा_गोठेवाले
माणसांचं चाललंय त्यात जनावरं घुसवतो, माफी असावी. आमच्या गाईचं नॉर्मल १०१.५. शेळीचं १०२-१०३. कोंबडीचं १०६ च्या पुढे. तुमच्या ९९ ला आमची कोंबडी हसेल.

गोठ्यात थर्मामीटर शेपटीखाली, दोन मिनिटं, आणि दोरी बांधून, नाहीतर तो आत जातो आणि मग डॉक्टर आणि आपण दोघं शोधत बसतो. पण आधी हात कानाला. व्यायल्यावर एखादी गाय बसून राहिली आणि कान गार लागले तर कॅल्शियम कमी पडलेलं असतं, दुग्धज्वर. त्यात अंगाचं तापमान उलट खाली जातं. गुरांच्या डॉक्टरला तेव्हा रात्री-बेरात्री उठवायचं, सकाळची वाट नाही बघायची.

आणि हो, गाईचंही संध्याकाळी जास्त असतं. तिला ऑफिस नाही, लोकल नाही.

शंकासुर
आबा, शेवटच्या ओळीला सलाम. काकांच्या लोकलचा निकाल लागला.

वैदर्भी
थर्मोस्टॅटवरून आठवलं म्हणून लिहिते, आमच्याकडे चंद्रपूर-नागपूरला दर उन्हाळ्यात लोकं यात चुकतात. ऊन लागून अंग तापतं तेव्हा मेंदूतला काटा वर गेलेला नसतो, बाहेरची उष्णताच शरीराला बाहेर टाकता येत नाही. म्हणून पॅरासिटामॉल तिथे काहीच करत नाही. १०४ आणि माणूस बरळतोय, चालताना झोकांड्या जातायत, म्हणजे उष्माघात. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, पंखा लावा आणि गाडी बोलवा. खिशातला कांदा खिशातच राहू द्या.

मुक्ताफळं
बायकांच्या बाबतीत एक गोष्ट कुणीच लिहिली नाही, मी लिहिते. माझं महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात ९७.२ आणि दुसऱ्या अर्ध्यात ९७.९ ते ९८. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, त्याने तापमान अर्धा ते एक फॅरेनहाइट चढतं आणि पाळी येईपर्यंत तिथेच राहतं. मूल हवं होतं तेव्हा डॉक्टरांनी रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मोजायला लावलं होतं. उशीजवळ थर्मामीटर, वही, पेन. कुणाशी बोलायचं नाही, पाणी नाही, आधी आकडा. नवरा त्या दिवसांत चोरपावलांनी चालायचा. मर्यादा ही की तापमान चढतं ते बीज सुटून गेल्यावर, म्हणजे गाडी गेल्यावर शिट्टी ऐकू येते. पण चार-सहा महिने लिहिलं की आपलं वेळापत्रक कळतं.

तेव्हा रानजाई, तुझं ९७ महिन्यातल्या कुठल्या आठवड्यातलं आहे तेही बघ. आणि पन्नाशीच्या मैत्रिणींनो, हॉट फ्लॅशमध्ये अंगाची भट्टी झाल्यासारखं वाटतं तेव्हा मोजून बघा. बहुतेक वेळा थर्मामीटर शांत असतो.

गुळवेल
९७ म्हणजे थायरॉइड मंद. सरळ आहे. यूट्यूबवर एका अमेरिकन डॉक्टरांचा व्हिडिओ आहे, कमी तापमानाचा सिंड्रोम म्हणून. रिपोर्ट नॉर्मल आले तरी गोळ्या घ्याव्या लागतात. शिवाय आयुर्वेदात अग्नी मंद असणं हेच सांगितलंय.

स्टेथो
गुळवेल, हा बहुधा विल्सन सिंड्रोमचा व्हिडिओ असणार. या कल्पनेला शास्त्रीय आधार नाही असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने जाहीर केलेलं आहे. (तांबं साठण्याचा विल्सन्स डिसीज वेगळा. तो खरा आजार आहे, दोन्हींत गल्लत नको.) रक्तातलं टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारं संप्रेरक) नॉर्मल असताना थायरॉइडच्या गोळ्या घेतल्या तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. थकवा, वजन वाढणं, केस गळणं, बद्धकोष्ठता असं काही असेल तर टीएसएच करा. निव्वळ ९७ दिसतंय म्हणून नको.

उलट बाजूही सांगतो. रोज संध्याकाळी ९९ च्या वर जातंय, दोन-तीन आठवडे झाले, वजन उतरतंय, रात्री घामाने उशी भिजते, खोकला आहे, तर "माझं नॉर्मलच जास्त आहे" म्हणून घरी बसायचं नाही. आपल्याकडे आधी टीबीची तपासणी.

गुळवेल
अग्नीबद्दल बोलला नाहीत.

स्टेथो
थर्मामीटरने अग्नी मोजता येत नाही, म्हणून नाही बोललो. :)

शंकासुर
लाइपझिगकर आणि स्टेथो, दोघांनाही एक प्रश्न. वुंडरलिशचे ३७, मॅकोवियाकचे ३६.८, आता ३६.६. हा थर्मामीटरचा दोष की माणूसच थंड होतोय? पृथ्वी तापतेय आणि आपण निवतोय, हे काही पटत नाही.

लाइपझिगकर
चांगला प्रश्न. २०२० साली स्टॅनफर्डमधूनच यावर काम आलं. त्यांनी तीन काळांतल्या नोंदी घेतल्या: अमेरिकी यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांच्या, मग १९७१ ते ७५ च्या आरोग्य पाहणीतल्या, आणि २००७ ते २०१७ च्या दवाखान्यातल्या. एकूण ६,७७,४२३. दर दहा वर्षांनी जन्मलेल्या पिढीचं तापमान आधीच्यापेक्षा ०.०३ सेल्सियसने कमी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेले पुरुष आजच्यांपेक्षा ०.५९ ने गरम. थर्मामीटरचा संशय त्यांनाही होता. पण एकाच काळात, त्याच पद्धतीने मोजलेल्या लोकांतही आधी जन्मलेले जास्त गरम आणि नंतरचे कमी असं निघालं. मग सगळं खापर काचेवर फोडता येत नाही.

कारण म्हणून त्यांनी जुनाट संसर्ग कमी होण्याकडे बोट दाखवलंय. त्या काळी टीबी, सिफिलिस, किडलेले दात, सडलेल्या हिरड्या घेऊनच लोक जगत होते. शरीर सतत धुमसत असणार. याखेरीज घरं ऊबदार झाली, अंग गरम ठेवायला शरीराला कमी राबावं लागतं.

पण बोलिव्हियातल्या त्सिमाने या आदिवासी लोकांत २००२ ते २०१८ एवढ्यातच सरासरी ३७ वरून ३६.५ वर आली. तिथे संसर्ग आजही भरपूर आहेत. अमेरिकेत जे व्हायला दीडशे-पावणेदोनशे वर्षं लागली ते इथे सोळा वर्षांत! अभ्यासकांना त्याचं एकच एक कारण देता आलेलं नाही.

आगाऊ_कार्टा
म्हणजे आमचे पणजोबा तापट होते हे शास्त्राने सिद्ध झालं.

रानजाई
सगळ्यांचे आभार. काका, तुमची शिस्त पाळली. मागचे काही आठवडे बरी असताना सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला, जिभेखाली, आधी काही न खाता-पिता, दोघांचंही मोजलं. माझं सकाळी ९६.९ ते ९७.३, संध्याकाळी ९७.४ ते ९८. जास्तीचे आकडे मुक्ताफळं म्हणाल्या त्याच दिवसांतले. नवऱ्याचं सकाळी ९७.८, संध्याकाळी ९८.५ ते ९८.८. म्हणजे रात्रीचा त्याचा आकडा त्याचा सगळ्यात वरचा होता, पण आमच्यात एक फॅरेनहाइटच्या आसपास फरक आहेच. तोही कागद बघून "बरं" म्हणाला.

सासूबाई म्हणाल्या, मी हेच सांगत होते, कोमट आहे.

खवचट_काका
एक फॅरेनहाइट मान्य. घ्या. माझं आत्ताचं ९७.९, रात्री ११.१०, जिभेखाली, जेवून दीड तास झाला.

तुमच्या टीम लीडला मात्र ९९ दाखवून रजा मागू नका. "अंग मोडून आलंय, काम होणार नाही" एवढं सांगा. रजा अंग मोडल्याबद्दल असते, आकड्याबद्दल नसते.

स्टेथो
काकांच्या शेवटच्या वाक्याला दवाखान्याकडून अनुमोदन.

कृष्णाकाठ
धागा संपायच्या आत: आजीचा थर्मामीटर काल ड्रॉवर उपसताना फुटला. लहानपणी आम्ही त्या पाऱ्याच्या गोळ्या फरशीवर बोटाने पळवायचो. आता घरात रांगतं बाळ आहे. काय करायचं?

स्टेथो
बाळाला दुसऱ्या खोलीत न्या. खिडक्या उघडा, पंखा-एसी बंद. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको, त्याने गोळ्या बारीक होऊन पसरतात आणि वाफ वाढते. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने गोळ्या एकत्र लोटा, टॉर्च तिरका धरला की फटीतले कणही चमकतात. उरलेले चिकटपट्टीने टिपा. सगळं झाकणाच्या बाटलीत, काचेसकट. बेसिनमध्ये ओतायचं नाही. ओल्या-सुक्या कचऱ्यातही नाही. फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर हा घरातला घातक कचरा, तो पालिकेच्या संकलन केंद्रात वेगळा द्यायचा.

नवा घेताना साधा डिजिटल घ्या, लवचीक टोकाचा. बाळाचं काखेत मोजताना काख आधी पुसा, घाम असेल तर कमी दाखवतो.

कृष्णाकाठ
धन्यवाद डॉक्टर. पुठ्ठा म्हणून लग्नपत्रिका वापरली, मस्त काम होतं.

आबा_गोठेवाले
नवा घेतलात की दोरी बांधायला विसरू नका.